निगेटिव्हचं पाकीट

२२ जुलै २०२१ ची पहाट चिपळूणमध्ये कुणी विसरणार नाही. रात्रभर पाऊस कोसळत होता. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि उजाडेपर्यंत तळमजले दिसेनासे झाले. माझं माहेर तिथलं. घर जुनं आहे. खाली पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर एकच खोली. अम्मी, भाईजान, भाभी आणि मुलं त्या एका खोलीत दीड दिवस बसून होती. अल्लाहच्या कृपेनं सगळे सुखरूप राहिले.

रस्ता मोकळा झाल्यावर मी रत्नागिरीहून पोहोचले तेव्हा घरात घोट्याच्या वर चिखल होता. फ्रीज आडवा पडलेला, गाद्या पाणी पिऊन दगड झालेल्या, तांदळाचं पिंप उलटं. आम्ही आधी कागद शोधले. रेशनकार्ड, आधार, घरपट्टीच्या पावत्या, भाईजानचा पासपोर्ट. ते मिळाले तेव्हा कुठे अम्मी खाली टेकली आणि म्हणाली, “आणि फोटो?”

फोटो सगळे खालीच होते. आमच्या घरात फोटो भिंतीवर लावायची पद्धत नाही. माजघरात नमाज होते, त्यामुळे तिथे तसबीर नको, हे दादीच्या काळापासून ठरलेलं. म्हणून सगळं लोखंडी कपाटात आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर. तिथे आमचे फोटो चार रूपांत होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या निगेटिव्ह. अल्बममध्ये आणि पाकिटांत स्टुडिओतून काढून आणलेल्या कॉप्या. एका फाइलमध्ये मी घरच्या प्रिंटरवर छापलेले फोटो. आणि टेबलाखाली कॉम्प्युटर, ज्याच्या हार्ड डिस्कमध्ये २०११ नंतरचं सारं काही.

मी भाषा शिकवते, विज्ञान नाही. पण चार वस्तू एकाच पाण्यात, एकाच वेळी, तितकाच वेळ बुडवून ठेवण्याचा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेनं केला असता? तो आमच्या घरात झाला.

कुवेतचे दिवस

आधी त्या डब्याविषयी सांगते, कारण त्याच्यामागे एक पूर आणखी आहे, पाण्याचा नसलेला.

अब्बा १९८२ पासून कुवेतला एका गॅरेजमध्ये कामाला होते. कोकणातल्या किती घरांत हीच गोष्ट असेल! दोन वर्षांतून एकदा रजा. १९८५ च्या रजेत त्यांनी याशिकाचा एमएफ-२ कॅमेरा आणला. त्यात फ्लॅश आतच होता, दोन पेन्सिल सेल घातले की लाल दिवा लागायचा, आणि फोकस करायची भानगड नाही. जाताना कॅमेरा अम्मीकडे ठेवून म्हणाले, “पोरांचे फोटो पाठवत जा. पत्रात लिहितेस ‘मोठी झाली’, पण किती मोठी ते कळत नाही.”

मग तो उद्योग सुरू झाला. छत्तीस फोटोंचा रोल. नीट बसवला तर सदतीसावा, कधी अडतीसावाही निघायचा, तो आमचा बोनस. रोल दोन ईदना पुरवायचा असल्यामुळे अम्मी सहजासहजी बटण दाबत नसे. आम्हाला ओळीनं उभं करायची, भाईजानचा कॉलर सरळ करायची, “हलू नका” म्हणायची आणि स्वतः इतकी हलायची की अर्ध्या फोटोंत आमची डोकी कापलेली. रोल संपला की तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओवाल्या चाचांकडे धुवायला जायचा. रंगीत रोल ते स्वतः धुवत नसत. मोठ्या लॅबला पाठवायचे. त्याला कारण होतं. रंगीत फिल्मचं डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसवर ठेवावं लागतं आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटं राहते. अंशभर तापमान घसरलं की चेहऱ्यांचे रंग बिघडतात. हे चाचांनीच मला पुढे सांगितलं. आठ-दहा दिवसांनी पाकीट यायचं. एका बाजूला कॉप्या, दुसऱ्या बाजूला चार-चारच्या पट्ट्या केलेल्या निगेटिव्ह.

कॉपी कुवेतला जायची. मागच्या बाजूला अम्मी उर्दूत लिहायची : कोण, कधी, वय किती, कुठली ईद. निगेटिव्ह डब्यात.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. सहा आठवडे अब्बांची खबर नव्हती. घरात रेडिओभोवती माणसं बसलेली असायची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सुमारे १,७०,००० भारतीयांना त्या वेळी मायदेशी आणलं गेलं. बहुतेक लोक बगदादमार्गे बसनं जॉर्डनमधल्या अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला. अब्बा त्यांच्यातलेच एक. घरी आले तेव्हा हातात एक पिशवी होती. आठ वर्षांची कमाई, बिछाना, टेप, सगळं खोलीवर राहिलं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. दोन दिवसांनी जेवताना एकदम म्हणाले, “पोरांचे फोटो तिकडेच राहिले.”

अम्मी उठली आणि डबा घेऊन आली.

अब्बांनी त्या पट्ट्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं; काळे केस पांढरे, पांढरा कुर्ता काळा, आणि सगळ्यावर नारिंगी झाक. माणूस ओळखायला वेळ लागतो. त्यांनी कागदावर नंबर उतरवले. नोकरी नव्हती, हातात पैसा नव्हता, तरी अकरा कॉप्या काढून आणल्या. मी मोजल्या होत्या, कारण त्यात माझे चारच होते आणि भाईजानचे सात.

फिल्मचं गुणगान करताना

फिल्मचं मोठेपण मला वाटतं ते एवढ्यात आहे. प्रत्येक फोटो दोन वस्तू होऊन घरात यायचा. एक बघायची, दुसरी ठेवायची. आणि त्या दोन्ही सहसा एका जागी नसायच्या. कुणी शहाणपण म्हणून हे करत नव्हतं. फिल्मचा कारभारच तसा होता.

बाकी फिल्मचं गुणगान मी आंधळेपणानं करणार नाही. एका ईदला मामूंनी “संपला का बघू” म्हणून कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं आणि रोलला उजेड लागला. सगळी ईद गेली. एकदा रोल दात्यांत अडकलाच नव्हता. छत्तीस वेळा “हलू नका” ऐकलं आणि लॅबमधून कोरी फिल्म आली. शिवाय आपल्या घरातल्या बायका-मुलींचे छत्तीसच्या छत्तीस फोटो आधी दुकानदार बघणार, लॅबवाला बघणार, मग आपण. माझ्या चाचीनं लग्नानंतर कित्येक वर्षं याच कारणानं फोटो काढून घेतला नाही.

दादी तर फोटो काढूच देत नसे. १९८८ मध्ये हजसाठी पासपोर्ट लागला तेव्हा नाइलाजानं चाचांच्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसली. पांढरा दुपट्टा, कॅमेऱ्याकडे रागानं बघणारी नजर. तिचा जगातला एकुलता एक फोटो तो. ब्लॅक-अँड-व्हाइट आहे आणि आज इतक्या वर्षांनीही त्यातला काळा रंग काळाच आहे. आमचे त्याच काळातले रंगीत फोटो मात्र लालसर झालेत.

यामागची गोष्ट सोपी आहे. फिल्मवर आणि फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो, त्यात चांदीच्या क्षाराचे बारीक कण. उजेड पडलेले कण रसायनात काळी चांदी होतात. ब्लॅक-अँड-व्हाइट फोटोत ही चांदीच शेवटपर्यंत राहते. नीट धुतलेली असेल तर ती शंभर वर्षंही टिकते. रंगीत फोटोत मात्र चांदी नंतर काढून टाकतात आणि मागे उरतात तीन रंगद्रव्यं. ती हळूहळू फिकी पडतात. जुन्या कागदांवर निळसर रंग आधी जायचा, म्हणून १९७०-८० च्या दशकांतले फोटो लाल-नारिंगी दिसतात. त्या काळी ब्लॅक-अँड-व्हाइटसाठी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ माल देशभर चालायचा. चाचांच्या स्टुडिओवर त्याची पाटी मी कितीतरी वर्षं पाहिली आहे.

आणि कोकणात बुरशीचा त्रास. जिलेटिन म्हणजे बुरशीचं जेवणच. पावसाळ्यात डबा न उघडता ठेवला की पट्ट्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी येते. अम्मी दर हिवाळ्यात डबा उघडून वाऱ्यावर ठेवायची, लोणच्याच्या बरण्यांसारखा.

घरात आला प्रिंटर

गंमत अशी की पहिला डिजिटल कॅमेरा बनला तो फिल्म विकणाऱ्या कोडॅकच्याच कारखान्यात. स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं १९७५ मध्ये तो जुळवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या आदल्या वर्षी भाईजानही डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता. याशिका कपाटात गेला.

२०१४ मध्ये मी इंकजेट प्रिंटर घेतला. शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि मुलांचे प्रोजेक्ट हे कारण सांगायला. खरं कारण चाचीचं होतं तेच. घरातले फोटो घरातच छापता येतील, पेनड्राइव्ह कुणाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावायला नको. ही सोय लहान नाही. धाकट्या बहिणीच्या मेहंदीच्या रात्री फक्त बायकांमध्ये काढलेले फोटो मी दुसऱ्या दिवशी घरीच छापून प्रत्येकीच्या हातात दिले तेव्हा चाचीनं आपला फोटो तीनदा बघितला. तिचा साठाव्या वर्षी काढलेला तो पहिला मोकळा फोटो.

घरी छापण्यात दुसरा आनंद म्हणजे ताबा. फोटो काळपट आला तर उजळ करून पुन्हा काढा. मोबाइलच्या पडद्यावर फोटो आतून उजळलेला असतो, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. म्हणून पडद्यावर ठीक दिसणारा फोटो कागदावर अंधारलेला येतो. छापण्याआधी थोडा उजळ करून घ्यायचा, हे मी पाच-सहा कागद वाया घालवून शिकले. आणखी एक चूक बहुतेक जण करतात. मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि चार बाय सहाचा कागद तिनास दोन. फोटो कागदभर पसरवला की वरखाली कापला जातो. चार जणांच्या रांगेत उंच माणसाचं डोकं जातं. फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर होती, म्हणजे बरोबर तिनास दोन; म्हणून तेव्हा कागद आणि फिल्म एकमेकांना बसायचे. (अम्मीनं कापलेली डोकी सोडून.) आता छापण्याआधी स्वतः कापून घ्या किंवा दोन्ही कडांना पांढरी जागा सोडा.

पैशांचा हिशेब मात्र मी वहीत मांडला तेव्हा डोळे उघडले. माझा प्रिंटर छोट्या कार्ट्रिजचा. रंगीत कार्ट्रिज आठशे रुपयांचं आणि त्यात पूर्ण कागदाचे जेमतेम तीस फोटो निघायचे. कागद सहा रुपयांचा. म्हणजे एक कॉपी तेहतीस रुपयांच्या आसपास. स्टुडिओत तीच दहा रुपयांत मिळत होती. वर मे महिन्याच्या सुट्टीत प्रिंटर बंद राहिला की शाई नळ्यांच्या तोंडाशी सुकायची. मग साफसफाईचं बटण दाबा. त्या साफसफाईतही शाईच खर्च होते. आता टाकीवाले प्रिंटर आल्यापासून शाईचा खर्च बराच खाली आला आहे, पण सुकण्याचं दुखणं तेच. आठवड्यातून एक तरी रंगीत पान छापायचं, हाच त्यावर उपाय.

आणि टिकाऊपणा. माझ्या सासरी बैठकीत, खिडकीसमोर, मी घरी छापलेला मुलांचा एक फोटो फ्रेमशिवाय लावला होता. अडीच वर्षांत मुलं फिकी निळी झाली. तोच फोटो पाकिटात ठेवलेला अजून बरा होता. मग मी या विषयावर थोडं वाचलं. स्वस्त प्रिंटरमधली बहुतेक रंगीत शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, तिला ‘डाय’ म्हणतात. ऊन आणि हवेतला ओझोन तिचे शत्रू. दुसऱ्या प्रकारच्या शाईत रंगाची बारीक पूड असते, ती ‘पिगमेंट’. ती महाग, पण खूप जास्त टिकते आणि पाण्यानं पसरत नाही. छोटे फोटो प्रिंटर मिळतात त्यांची तऱ्हा आणखी निराळी : रिबनवरचे पिवळा, गुलाबी, निळा रंग उष्णतेनं कागदात उतरतात आणि शेवटी वर पारदर्शक थर बसतो. कागद चार वेळा आतबाहेर जातो, मुलांना ते बघायला फार आवडतं. ओल्या बोटांपासून तो फोटो सुरक्षित राहतो. प्रिंटर घ्यायला जाल तेव्हा किंमत विचारण्याआधी शाई कुठली ते विचारा.

दादीच्या नियमाची आठवण मला तेव्हाच झाली. तिनं फोटो भिंतीवरून हटवले ते दीनच्या कारणानं. पण अंधाऱ्या कपाटात राहिल्यामुळेच आमचे जुने फोटो आजवर टिकले.

चिखलातून काय निघालं

तर त्या दिवसाकडे परत येते.

चाचांचा स्टुडिओ आता त्यांचा मुलगा चालवतो. तोही पुरात गेला होता. चाचा स्वतः चिखल उपसत होते. मी पत्र्याचा डबा घेऊन गेले आणि झाकण उघडलं. आत गढूळ पाणी भरलेलं. मला वाटलं आधी उन्हात वाळवू. चाचा ओरडलेच, “सुकवू नकोस! सुकले की एकमेकांना चिकटतील, मग कुणाच्या बापाला निघणार नाहीत. आधी स्वच्छ पाण्यात घाल.”

स्वच्छ पाणी! गावात प्यायला टँकर यायचा, त्याला रांगा. अम्मीनं मार्ग काढला. पाऊस होताच. पागोळ्यांखाली टब आणि बादल्या लावल्या आणि आम्ही दोघी पायरीवर बसलो. प्लॅस्टिकची पाकिटं कात्रीनं कापायची, पट्टी कडेनं धरायची, पाण्यात हलवायची, चोळायची नाही. बादली बदलायची. मग कपड्याच्या चिमट्यांनी सावलीत दोरीवर. संध्याकाळपर्यंत वरच्या खोलीत आमचं बालपण टांगलेलं होतं. काही पट्ट्यांवरचा थर सुटून आला, त्या गेल्या. पण पुष्कळ वाचल्या. त्या अकरांपैकी नऊ वाचल्या.

लॅबमधून काढलेल्या कॉप्यांचं निम्मं-निम्मं झालं. या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचं अस्तर असतं, तो पाणी पीत नाही. सुट्या पाकिटांतल्या कॉप्या पाण्यात अलगद एकमेकींपासून सुटल्या. चिकट पानांच्या अल्बममधल्या मात्र पानालाच धरून बसल्या. ओढलं तर चेहरा प्लॅस्टिकला आणि कागद हातात.

मी घरी छापलेल्या चाळीसेक फोटोंची फाइल उघडली तर गुलाबी-निळे ओघळ. चाचीचा तो फोटो त्यातच होता, माझी प्रत. तिची प्रत तिच्या घरी, उंचावरच्या घरी, शाबूत आहे.

कॉम्प्युटर भाईजाननं धुऊन, वाळवून रत्नागिरीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. डिस्क फिरेना. पुण्याला पाठवा, खर्च मोठा येईल, खात्री नाही, असं उत्तर मिळालं. त्या वेळी भांडी आणि गाद्या घ्यायच्या होत्या. पाठवली नाही.

अब्बांचा इंतेकाल २०१८ मध्ये झाला. त्यांच्या शेवटच्या सात वर्षांचे फोटो, नातवंडांना मांडीवर घेतलेले, उमराहून परतल्यावर टक्कल केलेले, आजारपणात पडवीत बसून पाऊस बघताना, सगळे त्या डिस्कमध्ये होते. नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये शोधून शोधून नऊ मिळाले. व्हॉट्सॲपवरून फिरलेले, म्हणून आकुंचन पावलेले. मोठी कॉपी काढायला गेलं की चेहऱ्याचे चौकोन दिसतात. त्यांच्यावर तारीखही नाही, कारण व्हॉट्सॲप फोटोबरोबरची ती माहिती काढून टाकतं. आमच्याकडे १९८६ चे अब्बा आहेत, कुरळे केस, बेलबॉटम, डोळ्यांतली चमक सगळं स्वच्छ. २०१६ चे अब्बा नीटसे नाहीत.

वर्षाचा एक रोल

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी ‘माझं बालपण’ असा निबंध दिला आणि सोबत पाच वर्षांचे असतानाचा स्वतःचा एक फोटो आणा म्हटलं. अर्ध्याहून जास्त मुलं रिकाम्या हातानं आली. “मॅडम, अम्मीच्या जुन्या मोबाइलमध्ये आहे, तो बिघडला.” एका मुलीनं आणला तो तिच्या आईचा बालपणीचा फोटो. म्हणाली, “मी अशीच दिसायचे.”

म्हणजे पुन्हा फिल्मकडे वळायचं का? माझा भाचा मुंबईत शिकतो, त्यानं अब्बांचा याशिका नेला आहे. पुराच्या आधीच नेला म्हणून तोही वाचला. आज रंगीत रोल हजार रुपयांच्या वर जातो. धुणं आणि स्कॅन वेगळं. हिशेब केला तर एकेक फोटो चाळीस रुपयांच्या पुढे. पण मागच्या ईदला त्यानं पूर्ण घराचे तीनच फोटो काढले आणि त्या तिन्हींसाठी सगळे आले, बसले, कॉलर सरळ केली. मोबाइलवर त्याच दिवशी दोनशे निघाले, त्यांत सगळे एकत्र एकाही फोटोत नाहीत. मला त्याचं कौतुक वाटलं. मग कळलं की लॅबनं त्याला ईमेलवर स्कॅन पाठवले, कॉप्या त्यानं काढल्याच नाहीत आणि निगेटिव्ह लॅबमध्येच पडून आहेत! एवढे पैसे घालून हातात पुन्हा मोबाइलमधलाच फोटो. मी असा काही ओरडा दिला की दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन आला.

आम्ही फिल्म घेत नाही. आमची आता वेगळी रीत आहे. ईदुल-फित्रच्या सुट्टीत सगळे बसून वर्षभराच्या फोटोंमधून छत्तीस निवडतो. एका रोलएवढे. भांडणं होतात, पण छत्तीस म्हणजे छत्तीस. घेताना फोटो मूळ मोबाइलमधूनच घ्यायचा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, तसा तो आकुंचन पावत नाही. चार बाय सहाच्या चांगल्या कॉपीला १८०० बाय १२०० ठिपके पुरतात, आणि आजचा साधा मोबाइलही त्याहून कितीतरी जास्त देतो.

ते छत्तीस मी घरी छापत नाही. लॅबला देते. पुष्कळांना माहीत नसतं, फिल्म गेली तरी अनेक लॅबमध्ये कागद अजून तोच, चांदीच्या क्षाराचाच आहे. फक्त निगेटिव्हऐवजी लेझरनं त्यावर उजेड पाडतात आणि मग रसायनात धुतात. काही ठिकाणी मात्र आता मोठे इंकजेट आले आहेत, म्हणून विचारून घ्या. दोन संच काढते. एक चिपळूणला, वरच्या खोलीत. एक रत्नागिरीला माझ्याकडे. चिकट पानांचा अल्बम बंद. खिशांचा अल्बम किंवा कागदी पाकीट. मागे लिहायला बॉलपेन नको, अस्तरावर शाई धरत नाही आणि दाबलं तर पुढे उठतं. बारीक टोकाचा मार्कर बरा, पण लिहून झाल्यावर वाळू द्यायचा.

घरचा प्रिंटर आहेच. नवा घेतला, टाकीवाला. पाहुण्यांना जाताना द्यायला, बायकांच्या मैफलीचे फोटो काढायला, दोहाला असलेल्या दिराच्या मुलांना पत्रासोबत पाठवायला. पर्दा करणाऱ्या बायकांचे जे फोटो लॅबला द्यायचे नसतात ते मी त्यावर दोन-दोन काढते आणि दोन घरांत ठेवते, उजेडापासून लांब. फिके पडतील तेव्हा पुन्हा काढू, म्हणून त्यांची फाइल जपायची.

यंदा लॅबचं पाकीट घेऊन चिपळूणला गेले तेव्हा अम्मीनं चष्मा लावून सगळ्या कॉप्या पाहिल्या, मार्कर मागितला आणि प्रत्येकीच्या मागे उर्दूत लिहायला बसली. कोण, कधी, वय किती, कुठली ईद. मग पाकीट उलटं करून झटकलं.

“निगेटिव्ह दिली नाही त्यानं?”

दर वर्षी विचारते. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढून दिला. तिनं तो तळहातावर फिरवून बघितला, पाकिटात घातला, पाकिटावर वर्ष लिहिलं आणि वरच्या खोलीत डब्यात ठेवून आली.